फ्रेम क्रमांक ११७

खात्याच्या फॉर्मवर चौदा रकाने आहेत.
वास्तूचं नाव, धर्म, काळ, बांधणी,
पडझड किती टक्के.
मी शिरपूरची, लग्नाचे फोटो काढणारी.
हळदीत रडून सुजलेली नवरी मला हसवता येते,
पण दगडाला ‘जरा हनुवटी वर’ कसं सांगायचं
हे पहिले दोन दिवस कळलं नाही.

थाळनेर. फेब्रुवारी. तापी अंग चोरून वाहणारी.
मकबऱ्याला आठ बाजू,
आठवीवर ऊन पोचायला साडेचार होतात.
तोवर मी काळी-पांढरी मोजपट्टी मांडीवर घेऊन
सुलतानाच्या दारात बसते,
गिऱ्हाईक उशिरा यायचं असल्यासारखी.
आत पारवे.
कोरलेल्या अक्षरांच्या वळणांत त्यांनी काड्या खोचल्यात.
मी लिहिलं : लेख, अंशतः वाचनीय.

महादेवाचं देऊळ सोपं गेलं.
पुजारी आपणहून बाजूला झाला,
मग परत आला,
म्हणाला, एक माझ्यासकट.

गोऱ्या साहेबाच्या थडग्यावर उडदाचे पापड वाळत होते.
नियम असा, की वास्तूवर काही नको.
केवळबाई एकेक पापड उचलत गेली
तसा खालून एक हुद्दा निघाला, मग अर्धी तारीख.
नावाच्या जागी पिठाचा डाग.
‘दगड सपाट शे ना ताई, लवकर वायतस,’
ती म्हणाली, आणि सुपात सगळे घेऊन
ऊन सरायच्या आत मी आटपेन म्हणून उभी राहिली.

झुलालआबा पूल होण्याआधीचे नावाडी.
दरवाज्याशी आले, दगडावर टेकले.
या दिंडीतून साहेब आत शिरले.
आतले काही बोलले, ते साहेबांना कळलं नाही.
साहेब काही बोलले, ते आतल्यांना कळलं नाही.
‘बोली एक नव्हती, बस.’
कुणाचा तरी हात तलवारीवर गेला.
संध्याकाळी किल्लेदार फासावर,
आणि आतले तीनशे.
आबांनी हे असं सांगितलं, जसं कुणी सांगावं
की त्या वर्षी पूर कुठवर आला होता.

तीनशे ठेवले कुठे, मी विचारलं.
आबांनी हात केला.
हात कापतो त्यांचा,
म्हणून तो एका जागेवर थांबलाच नाही.
ढासळलेला बुरूज, वेडी बाभूळ, उकिरडा,
पोरांनी रोवलेले तीन स्टंप, पार पाण्यापर्यंत
सगळा उतार त्यांनी दाखवला.

मी उतारावर गेले. मोजपट्टी उभी केली.
पट्टी मोजायला तयार होती,
समोर काही नव्हतं.
वास्तूचं नाव : कोरं.
धर्म : इथे पेन थांबलं.
त्यांच्यात अरब होते म्हणतात, आणि इकडचे,
आणि नदीपल्याडचेही असतील कोणी पगारावर आलेले.
पडझड : शंभर लिहिलं, खोडलं.
पट्टीची सावली पट्टीपेक्षा लांब पडली होती,
तिच्याशेजारी माझी.
लग्नात असली सावली आम्ही कापून टाकतो.
मी ठेवली.

महिन्याने कागद आला :
एकशे सोळापर्यंत मान्य.
एकशे सतरा, विषय अस्पष्ट, पुन्हा काढावा.

पुन्हा गेले. तीच वेळ धरली, साडेचार.
थडग्यावर आता कुरडया होत्या.
उतारावर पोरं बाभळीत वाकून चेंडू शोधत होती.
मी पट्टी रोवली, मागे सरले, पुढे आले,
खाली बसून पाहिलं, जमिनीला डोळा लावून पाहिलं.
एक पोरगा बराच वेळ माझ्याकडे बघत होता.
‘ताई, तुन्हं बी काही दवडाई गयं का?’
मी हो म्हटलं.
तो माझ्या बाजूने शोधायला लागला.